लाईट-पाणी भाड्यातच, मग वेगळे पैसे कसले?

गेल्या महिन्यात एका रविवारी सकाळी शेजारच्या चाळीतल्या एक ताई घरमालकाची चिठ्ठी घेऊन आल्या. नऊ वर्षे त्या तिथे राहतात. भाडे महिना ३,५०० रुपये, लाईट-पाणी त्यातच. चिठ्ठीत लिहिले होते की येत्या महिन्यापासून लाईटचे ७०० आणि पाण्याचे २०० वेगळे द्यावेत. खाली 'मला मान्य आहे' आणि सहीला मोकळी जागा. शिवाय तोंडी निरोप, सही नसेल तर वायर काढतो.

मी आधी विचारले, "सही केलीत का?" नाही म्हणाल्या. माझा जीव भांड्यात पडला.

हिशोब पाहा. ३,५०० वर ९०० म्हणजे पंचवीस टक्क्यांहून जास्त. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ प्रमाणे, वेगळा करार नसेल तर, मालकाला वर्षाला ४ टक्के वाढ घेता येते. म्हणजे १४० रुपये. नाव लाईट-पाण्याचे, पण ही सरळ भाडेवाढ आहे.

"पण भाऊ, आमच्याकडे कागद कुठे आहे?" इथेच आपली माणसे कच खातात. कायदा उलट सांगतो. कलम ५५ प्रमाणे करार लेखी करून त्याची नोंदणी करण्याची जबाबदारी मालकाची. तसा करार नसेल, तर अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे धरले जाते. ते खोटे असेल तर मालकाने सिद्ध करावे. ताईंच्या पत्र्याच्या पेटीत तर जुन्या पावत्या निघाल्या. त्यावर मालकाच्याच हातचे 'भाडे लाईट-पाणीसह'! पावती देणे मालकावर कलम ३१ ने बंधनकारक आहे. मागायला लाजू नका.

आता वायर. कलम २९ प्रमाणे योग्य कारणाशिवाय भाडेकरूचे पाणी, वीज, जिन्यातला दिवा, सफाई यातले काहीही तोडता येत नाही. तोडलेच तर मुंबईत लघुवाद न्यायालयात अर्ज करावा. पुरवठा जोडून देण्याचा अंतरिम हुकूम मिळू शकतो. मालकाला ३ महिन्यांपर्यंत कैद किंवा १,००० रुपयांपर्यंत दंड आहे. दंड किरकोळ, पण हुकूम कामाचा.

अकरा महिन्यांच्या लिव्ह अँड लायसन्सवर राहणाऱ्यांची गोष्ट मात्र निराळी. तिथे करारात लिहिले तेच खरे आणि मुदत संपल्यावर मालक नव्या अटी घालू शकतो. म्हणून लाईट-पाण्याची ओळ वाचल्याशिवाय सही नको.

रागाच्या भरात भाडे थांबवू नका. मालकाला तेच हवे असते. थकबाकीच्या नोटिशीनंतर ९० दिवसांत पैसे भरले नाहीत, तर तो घर खाली करून मागू शकतो. ठरलेले भाडे बँकेतून द्या, नोंद राहते.

वेगळ्या मीटरला माझा विरोध नाही. वीज कायदा, २००३ च्या कलम ४३ प्रमाणे जागेत राहणाराही स्वतः अर्ज करू शकतो. पण मग तेवढी रक्कम भाड्यातून वजा झाली पाहिजे.

ताईंची मुलगी दहावीत आहे. तिने सुवाच्य अक्षरात मालकाला उत्तर लिहिले, पावतीची झेरॉक्स जोडली आणि स्पीड पोस्टाने पाठवले. एक तारखेला ताईंनी ३,५०० भरले. वायर अजून जागेवर आहे.