आमच्या 'मले-तुले'चा सिनेमा

हायस्कूलच्या मुख्याध्यापकाने दिवाळी अंकात लिहावे ते संस्कारांवर, फार तर परीक्षेच्या निकालांवर, अशी आमच्या भागात समजूत आहे. त्याने सिनेमाची आणि गिटारवर वाजणाऱ्या गाण्यांची वकिली करावी, हे काही सज्जनांना रुचणार नाही, हे मी जाणून आहे. "सर, तुमच्यासारख्या माणसाने..." असे म्हणून वाक्य अर्धवट सोडण्याची आपल्याकडे पद्धत आहे. त्या अर्धवट वाक्याला हे पूर्ण उत्तर आहे. मी मराठीचा एम. ए. आहे, पन्नाशी ओलांडली आहे, आणि स्वतंत्र मराठी सिनेमाचे व लोकगीतांतून उगवलेल्या नव्या संगीताचे मला वेड आहे. एवढेच नव्हे, तर पांढुर्णा-सौंसरच्या मराठी घरांना या वेडाची निकडीची गरज आहे, असे माझे म्हणणे आहे.

आधी स्वतंत्र सिनेमा म्हणजे काय, ते सांगतो. बाजाराला काय खपते हे न विचारता, आपल्याला काय सांगायचे आहे एवढ्यावर कमी पैशांत काढलेला सिनेमा, तो स्वतंत्र. ही काही परदेशातून आलेली फॅशन नव्हे. १९१३ साली 'राजा हरिश्चंद्र' पडद्यावर आणणाऱ्या दादासाहेब फाळक्यांच्या मागे कोणता स्टुडिओ होता? पत्नी सरस्वतीबाईंचे दागिने आणि स्वतःचा हट्ट, एवढेच भांडवल. भारतीय सिनेमाचा पहिला माणूसच स्वतंत्र होता, आणि तो मराठी होता.

आता आक्षेपांकडे वळू. पहिला आक्षेप असा, की हे सिनेमे रडके असतात, "दिवसभर राबून आलेल्या माणसाने पुन्हा दुःखच पाहायचे काय?" संदीप सावंत यांचा 'श्वास' २००४ साली प्रदर्शित झाला. नातवाची दृष्टी जाणार, हे कळलेला कोकणातला आजोबा, एवढीच गोष्ट. 'श्यामची आई'नंतर राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळवणारा तो दुसरा मराठी चित्रपट. दोन्हींच्या मध्ये पन्नास वर्षांचे अंतर! ज्या घरांत 'श्यामची आई' वाचताना तीन पिढ्या रडल्या, त्याच घरांनी 'श्वास'ला रडका म्हणावे, याला काय म्हणावे? आपली हरकत दुःखाला नाही. आपली हरकत आजच्या, शेजारच्या, ओळखीच्या दुःखाला आहे. जुने दुःख पुस्तकात बांधून कपाटात ठेवता येते, आजचे दुःख प्रश्न विचारते.

दुसरा आक्षेप भाषेचा, आणि तो आमच्या वर्मावर बोट ठेवणारा आहे. "या सिनेमांतली मराठी शुद्ध नसते," असे म्हणतात. वाचकहो, आपण कोण आहोत ते जरा आठवा. १९५६ साली राज्ये नव्याने आखली गेली. जुन्या मध्य प्रांताची राजधानी असलेले नागपूर मुंबई राज्यात गेले आणि आपण छिंदवाड्याबरोबर मध्य प्रदेशात राहिलो. २०२३ मध्ये पांढुर्णा आणि सौंसर मिळून स्वतंत्र जिल्हा झाला, पण भाषेचे दुखणे तेच राहिले. आपले पोर शाळेत हिंदी शिकते, घरी आजीशी 'मले पाह्यजे', 'तू काय करून राहिला' असे बोलते. भोपाळ-इंदूरकडे गेले की त्याच्या हिंदीला हसतात, पुण्याला गेले की त्याच्या मराठीला हसतात. दोन भाषा येत असूनही ते दोन्हीकडे ओशाळे होते. वर्गात मी हे रोज पाहतो. हुशार मुलगा उत्तर ठाऊक असूनही बोलत नाही, कारण तोंडातून कोणती भाषा बाहेर पडेल याची त्याला धास्ती असते.

या पोराला मी कोणता उपदेश करू? 'मातृभाषेचा अभिमान बाळगा' हे वाक्य फळ्यावर लिहून अभिमान येत नसतो. त्यापेक्षा मी त्याला नागराज मंजुळे यांचा 'फँड्री' दाखवीन. तो २०१४ साली चित्रपटगृहांत आला. त्यातले कुटुंब घरात कैकाडी बोलते आणि गावात मराठी. शाळकरी जब्याला आपल्या घराची, बापाच्या कामाची, आपल्या बोलीची लाज वाटते. 'फँड्री' हा शब्दच कैकाडी आहे. त्याचा अर्थ डुक्कर. ज्या महाराष्ट्राला आपले 'मले-तुले' खटकते, त्या महाराष्ट्राला या दिग्दर्शकाने एक कैकाडी शब्द शिकायला लावला! दोन भाषांच्या मध्ये उभ्या राहिलेल्या मुलाची गोष्ट आमच्या मुलांपेक्षा अधिक कोणाला कळेल? आणि सतीश मनवर यांचा २००९ चा 'गाभ्रीचा पाऊस' पाहा. विदर्भातला कापूसवाला शेतकरी, पावसाची वाट, आणि नवरा आत्महत्या करील या भीतीने त्याच्यावर डोळ्यात तेल घालून पाळत ठेवणारी बायको. त्यातले बोलणे आपल्या ओसरीवरचे आहे. कापूस आपलाही आहे, कर्जही आपले आहे. आपले बोलणे पडद्यावर, विनोदी नोकराच्या नव्हे तर नायकाच्या तोंडी ऐकले, की पोराची मान वर होते. शुद्धलेखनाच्या वीस वह्यांनी हे काम होत नाही, आणि हे शुद्धलेखन तपासण्यात आयुष्य घालवलेला माणूस सांगतो आहे.

तिसरा आक्षेप संगीतावर. "गिटार, ड्रम, आरडाओरडा, हे काय आपले आहे?" मी उलट विचारतो, पेटी आपली आहे काय? जिच्यावाचून आपले एकही भजन होत नाही, ती हार्मोनियम मूळची युरोपातली. आकाशवाणीने १९४० पासून १९७१ पर्यंत तिला परकी ठरवून बंदी घातली होती. लोकांनी मात्र तिला देवळात नेऊन बसवले. वाद्य परके की आपले, हे त्याच्या जन्मगावावरून ठरत नाही, त्यावर काय गायले जाते यावरून ठरते.

आपल्याच राज्यातले उदाहरण घ्या. दिल्लीच्या 'इंडियन ओशन' या बँडने २००० साली 'कंदिसा' नावाचा संग्रह काढला. त्यातले 'मा रेवा' हे नर्मदाकाठचे पारंपरिक गाणे. त्या बँडमधले राहुल राम नर्मदेच्या आंदोलनात काम करून आलेले. नदीकाठचे गाणे गिटारवर चढले आणि देशभरच्या कॉलेजांत पोहोचले. दुसरे उदाहरण माळव्यातले. लुनियाखेडीचे प्रल्हादसिंह टिपानिया हे पेशाने शिक्षक. तंबुरा घेऊन त्यांनी कबीर गायला, २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. आज मुंबईची तरुण मुले 'कबीर कॅफे' नावाचा बँड करून तोच कबीर गिटार-व्हायोलिनवर गातात. एक मास्तर गातो, त्याचे ऐकून शहरातली पोरे गातात आणि गाणे जिवंत राहते. माळव्याने आपला कबीर असा जपला. आपण आपले काय जपले?

आपल्याकडे काही नव्हते असे थोडेच आहे! राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची खंजिरी आठवा. त्यांनी मराठीत लिहिले तसे हिंदीतही लिहिले. दोन्ही भाषा एकाच खंजिरीवर वाजवणारा असा माणूस आपल्या दुभाषी मुलखाचा खरा आदर्श आहे. पोळ्याच्या दिवशी तोरणाखाली म्हटल्या जाणाऱ्या झडत्या आठवा. सावकार, पुढारी, व्यापारी, कोणालाच न सोडणारी ती खणखणीत यमके! परदेशात असे काही गाणारा कवी गिटार घेऊन उभा राहिला की त्याला मान मिळतो. बॉब डिलन यांना तर २०१६ साली साहित्याचे नोबेल मिळाले. आपल्या झडतीवाल्याला काय मिळते? डीजेची भिंत. त्याचा आवाज त्या भिंतीखाली गाडला जातो, आणि आपण त्याला उत्सव म्हणतो. कोजागिरीपर्यंत अंगणात चालणारी भुलाबाईची गाणी आज किती मुलींना येतात, ते आपापल्या घरात विचारून पाहा. दंडारीची झांज शेवटची कधी ऐकली, तेही आठवा. ज्यांना गिटार परकी वाटते, त्यांना डीजे परका वाटत नाही, हे मला न उलगडलेले कोडे आहे.

गाण्यात केवढी ताकद असते, हे पाहायचे असेल तर चैतन्य ताम्हाणे यांचा 'कोर्ट' पाहावा. २०१४ साली व्हेनिसच्या महोत्सवात त्याला दोन पुरस्कार मिळाले, पुढे उत्कृष्ट चित्रपटाचे राष्ट्रीय सुवर्णकमळ मिळाले. त्यातला नारायण कांबळे हा म्हातारा लोकशाहीर मुलांच्या शिकवण्या घेतो आणि वस्त्यांत गातो. त्याचे गाणे ऐकून एका गटार सफाई कामगाराने जीव दिला, असा आरोप ठेवून त्याला कोर्टात उभे करतात. त्या कोर्टात मराठी, हिंदी, गुजराती, इंग्रजी अशा चार भाषा वावरतात, आणि माणूस मात्र कोणाला कळत नाही. शाहिराची भूमिका करणारे वीरा साथीदार आपल्या शेजारच्या नागपूरचे, चळवळीत आयुष्य घालवलेले. २०२१ च्या एप्रिलमध्ये करोनाने ते गेले. जगाने ज्यांचे काम वाखाणले, ते साथीदार आपल्यापासून दोन तासांच्या अंतरावर राहत होते. त्यांच्या हयातीत आपल्या किती मंडळांनी त्यांना श्रीफळ दिले, हे ज्याचे त्याने आठवावे.

मंडळांचा विषय निघालाच आहे, तर बोलून टाकतो. सीमाभागात मराठी टिकवण्याचे काम करणाऱ्यांविषयी मला आदर आहे. पण त्याच त्या नाट्यगीतांची तीच ती मैफल, तेच ते सत्कार आणि समोर बसलेले आपण पांढऱ्या केसांचे पन्नास लोक, हा मराठीचा उत्सव नव्हे, हे तिचे वर्षश्राद्ध आहे. नाट्यसंगीत थोरच आहे. पण सोळा वर्षांच्या मुलाला मराठीत स्वतःचा आजचा दिवस सापडला नाही, तर तो हिंदीत जाईल, आणि त्याला दोष देण्याचा अधिकार आपल्याला उरणार नाही.

"आता सगळे मोबाइलवर मिळते, वेगळे काय दाखवायचे?" असेही विचारतात. मोबाइल आपण काल पाहिले त्याच्याच जातीचे आज पुढे ठेवतो. ज्याने 'किल्ला'चे नावच ऐकले नाही, त्याच्यासमोर तो आपण होऊन येणार नाही. शिवाय सिनेमा एकट्याने पाहणे वेगळे आणि बापलेकांनी शेजारी बसून पाहून घरी जाताना भांडणे वेगळे. मला ते भांडण हवे आहे. ते मराठीत होईल.

सरकारकडून मी फार अपेक्षा करीत नाही. २०१५ साली महाराष्ट्रात मल्टिप्लेक्सनी मोक्याच्या वेळी मराठी चित्रपट दाखवावा, असे सरकारने ठरवले. त्याचा अंमल राज्याच्या सीमेवर संपतो. मराठी चित्रपटांचे अनुदानही तिकडचे. इकडे आपण पाहुणे ना यजमान. तेव्हा रडत बसण्यापेक्षा स्वतः करावे. केरळात जॉन अब्राहम या दिग्दर्शकाने, जो पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये शिकला होता, १९८४ साली मित्रांसह 'ओडेसा' नावाचा गट काढला. गावोगाव सिनेमे दाखवून, लोकांकडून वर्गणी गोळा करून त्यांनी १९८६ साली 'अम्मा अरियान' हा चित्रपट पुरा केला. आपल्याला तर चित्रपट काढायचाही नाही, फक्त दाखवायचा आहे.

माझी सूचना साधी आहे. महिन्यातून एक रविवार, एकदा पांढुर्ण्यात, एकदा सौंसरला. शाळेचा हॉल, एक प्रोजेक्टर, एक पांढरा पडदा, सतरंज्या. निर्मात्याची रीतसर परवानगी घेऊन, त्याचे पैसे देऊनच सिनेमा दाखवायचा. पेन-ड्राइव्हमधली चोरीची प्रत नको, कारण ज्याच्यामागे स्टुडिओ नाही त्याच्या घरची चूलच आपण त्या चोरीने विझवतो. सेन्सॉरचे प्रमाणपत्र पाहून मुलांचे आणि मोठ्यांचे सिनेमे वेगळे ठेवायचे. सिनेमाआधी अर्धा तास इथलाच कोणी गाणारा: खंजिरी, दंडार, झडती, किंवा गिटार शिकलेला आपलाच पोरगा. तो भुलाबाईचे गाणे गिटारवर म्हणाला तर भुलाबाई रागावणार नाही. आणि शेवटी अर्धा तास बोलणे, हिंदीत, मराठीत, 'मले-तुले'त, जसे येईल तसे. बोलीची चूक काढणाऱ्याला बाहेर चहा आणायला पाठवायचे.

शेवटचा मुद्दा, आणि तो मला सर्वांत अधिक बोचतो. देशातले कॅमेरे पांढुर्ण्यावर वर्षातून एकदा रोखले जातात, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, जाम नदीवर, गोटमारीसाठी. सावरगाव आणि पांढुर्णा समोरासमोर उभे, मध्ये दगड आणि रक्त. उरलेल्या दिवसांत इथे संत्र्याचा बहर धरतो, कापूस वेचला जातो, मुली दुसऱ्या भाषेत जाऊन पहिल्या येतात. त्याचे चित्र कोणी काढत नाही. ज्या गावाची गोष्ट गावातला माणूस सांगत नाही, त्या गावाची गोष्ट बाहेरचा सांगतो, आणि त्याला दगडच दिसतात. नागराज मंजुळे यांनी आपल्या गावाची गोष्ट स्वतः सांगितली. तसा कोणी आपल्या वर्गातल्या शेवटच्या बाकावर गप्प बसला असेल. त्याला त्याच्या भाषेतला एक चांगला सिनेमा दाखवणे, हे माझ्या मते मुख्याध्यापकाचे काम आहे. पालकांनी हॉलमध्ये सतरंजी अंथरायला यावे, एवढेच मागणे आहे.