प्राणहितेच्या काठची भाषा

महाराष्ट्राचा नकाशा मुंबईत बसून पाहणाऱ्याच्या नजरेस सिरोंचा सहसा पडत नाही. राज्याच्या आग्नेय टोकाला, जिथे प्राणहिता गोदावरीस मिळते तिथे हे गाव वसले आहे. जिल्ह्याचे ठिकाण असलेले गडचिरोली येथून दोनशे किलोमीटरांहून अधिक दूर आणि वाट सारी जंगलातली. उलट गोदावरीवरचा पूल ओलांडला की समोर तेलंगणातील कालेश्वर. गावाला नगरपंचायत आहे, तालुक्याची कचेरी आहे, ‘कलेक्टर’ नावाचा भला मोठा आंबा आहे आणि बाजारपेठ आहे. त्या पेठेत कानावर पडणारी भाषा मात्र प्रामुख्याने तेलुगू आहे. ही माणसे कोठून स्थलांतर करून आलेली नाहीत. ती पिढ्यानपिढ्या येथलीच आहेत. महाराष्ट्र त्यांच्यापर्यंत आला, ती महाराष्ट्रात आली नाहीत.

या गावाचा इतिहास पाहिला म्हणजे हे विधान स्पष्ट होते. १८६० साली निजामाने हा मुलूख इंग्रजांच्या स्वाधीन केला आणि सिरोंचा हे अपर गोदावरी जिल्ह्याचे मुख्य ठिकाण झाले. गोदावरीतून आगबोटी चालवून वऱ्हाडचा कापूस समुद्राला पोहोचवावा, अशी त्या काळच्या राज्यकर्त्यांची महत्त्वाकांक्षा होती. १८७१ च्या सुमारास ती योजना गुंडाळली गेली आणि १८७४ मध्ये जिल्हाही मोडला. भद्राचलमचा भाग मद्रास इलाख्यात गेला, सिरोंचा चांदा जिल्ह्यात आले. पुढे १९५६ साली विदर्भाबरोबर ते द्वैभाषिक मुंबई राज्यात आले, १९६० मध्ये महाराष्ट्रात आणि १९८२ मध्ये नव्या गडचिरोली जिल्ह्यात. नदीपलीकडचेही नाव दोनदा बदलले. हैदराबादचे आंध्र प्रदेश झाले आणि २०१४ मध्ये तेलंगण. इतकी राज्ये बदलली तरी घरातली बोली तीच राहिली, सोयरिकी पलीकडच्या तीराशीच होत राहिल्या आणि पुष्कर आला की दोन्ही तीरांची माणसे एकाच पाण्यात उतरत राहिली. २०२२ च्या एप्रिलमधील प्राणहितेच्या पुष्कराला हेच दृश्य दिसले.

प्रश्न असा की, ज्या राज्यात ही माणसे आहेत ते राज्य त्यांच्याशी कोणत्या भाषेत बोलते? शाळा मराठीत, सातबारा मराठीत, भूसंपादनाची नोटीस मराठीत, पुराचा इशारा मराठीत. मराठी ही राज्यभाषा आहे आणि ती तशीच राहिली पाहिजे, याविषयी वाद नाही. वाद आहे तो एवढाच की, राज्यभाषा असणे याचा अर्थ दुसऱ्या भाषेला दार बंद करणे असा होतो काय? आपल्या राज्यघटनेने याचे उत्तर केव्हाच दिले आहे. १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने आलेले ‘३५० अ’ हे कलम भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय करण्याची जबाबदारी राज्यांवर टाकते. त्याही आधी, १९४९ साली शिक्षणमंत्र्यांच्या परिषदेने हिशेब घालून दिला होता की, शाळेत अशी चाळीस किंवा वर्गात दहा मुले असली तर त्यांच्या भाषेचा शिक्षक नेमावा. आणि एखाद्या भागात अशा भाषकांचे प्रमाण पंधरा-वीस टक्के असेल, तर महत्त्वाच्या सूचना व नियम त्या भाषेतही प्रसिद्ध करावेत, असे १९५६ च्या केंद्राच्या निवेदनात सुचविले होते.

हे नियम मराठी माणसाला अपरिचित असण्याचे कारण नाही. बेळगाव, खानापूर, निपाणी येथील मराठी बांधव गेली कित्येक वर्षे याच आधारावर कर्नाटकाकडे मराठी परिपत्रके, मराठी उतारे आणि मराठी शाळा मागत आहेत. त्या मागणीमागे उभा महाराष्ट्र उभा आहे आणि तो उभा असलाच पाहिजे. परंतु जो न्याय आपण मार्कंडेयेच्या काठी मागतो, तो प्राणहितेच्या काठी देताना हात आखडता घेतला, तर आपल्या मागणीचे नैतिक बळ ते किती उरणार? मागायचे माप एक आणि द्यायचे माप दुसरे, हा व्यवहार बाजारात चालत असेल. संघराज्यात तो चालू नये. २०२५ साली पहिलीपासून हिंदी शिकविण्याच्या आदेशाविरुद्ध महाराष्ट्र एकमुखाने उठला आणि २९ जून रोजी ते आदेश सरकारला मागे घ्यावे लागले. कोवळ्या वयात परक्या भाषेचे ओझे नको, हा तेव्हाचा युक्तिवाद होता. तो खरा असेल, तर घरी तेलुगू बोलणाऱ्या सिरोंचाच्या बालकालाही तो लागू पडतो; भामरागडच्या माडिया बालकाला तर दुपटीने, कारण त्याच्या भाषेला पाठीशी घालणारे राज्य नदीच्या पलीकडेही नाही.

एकच नदी आणि एकच भाषा, पण दोन सत्ता, अशी गावे जगात अन्यत्रही आहेत. उत्तर अमेरिकेतील सेंट जॉन नदीच्या वरच्या खोऱ्यात फ्रेंच बोलणाऱ्या शेतकऱ्यांची वस्ती होती. १८४२ च्या तहाने ती नदी इंग्रजांच्या व अमेरिकेच्या मुलखांमधली सीमा ठरली. एका तीरावरची गावे अमेरिकेच्या मेन राज्यात गेली, दुसऱ्या तीरावरची आज कॅनडातील न्यू ब्रन्सविक प्रांतात आहेत. मेन राज्याने १९१९ मध्ये कायदा करून सरकारी शाळांतून फ्रेंच माध्यम हद्दपार केले. त्या तीरावर पुढच्या पिढ्यांत भाषा क्षीण होत गेली. न्यू ब्रन्सविकने १९६९ मध्ये इंग्रजी व फ्रेंच या दोन्ही भाषांना राजभाषा मानले, आणि ज्या नगरपालिकेच्या हद्दीत यांपैकी अल्पसंख्य भाषेचे लोक वीस टक्के असतील तिने आपले नियम दोन्ही भाषांत प्रसिद्ध करावेत, असे पुढे २००२ च्या कायद्याने ठरविले. त्यामुळे प्रांत फुटला नाही. उलट काही हजार वस्तीच्या नदीकाठच्या लहानशा गावालाही नगरपालिका आपली वाटू लागण्यास आधार मिळाला.

भाषेचा हा प्रश्न केवळ भावनेचा नाही, हे सिरोंचाने पाण्यात उभे राहून अनुभवले आहे. तालुक्यातील पोचमपल्लीसमोर गोदावरीवर मेडीगड्डाचा पंच्याऐंशी दरवाजांचा बंधारा उभा आहे. २०१६ च्या ऑगस्टमध्ये दोन राज्यांत करार झाला, २०१९ च्या जूनमध्ये उद्घाटन झाले, २०२२ च्या जुलैमध्ये महापुराने काठची गावे वेढली आणि २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये बंधाऱ्याचे काही खांबच खचले. पाणी प्रामुख्याने तेलंगणासाठी. बुडण्याची चिंता अलीकडच्या कापूस-मिरचीच्या शेतकऱ्याला. भरपाईसाठी त्याला आंदोलने करावी लागली. करार मुंबईत, मोजणी मराठीत, बंधाऱ्याचा कारभार तेलंगणात. ज्याची जमीन जाते त्याने आपल्या हरकतीचा अर्जही दुसऱ्याकडून लिहून घ्यावा, ही अवस्था कोणत्याही राज्यास शोभणारी नाही. हक्काचा कागद वाचता न येणे म्हणजे तो हक्क निम्मा गमावणे होय.

चंद्रपूर जिल्ह्यातील जिवती तालुक्यात याच्या उलट चित्र आहे. तेथील चौदा गावांवर महाराष्ट्र आणि तेलंगण दोघेही दावा सांगतात. म्हणून तेथे दोन्ही राज्यांच्या शाळा पोहोचल्या, दोन्हींची रेशनकार्डे पोहोचली. ज्या गावांवर वाद आहे तेथे दोन सरकारे दोन भाषांत येतात आणि ज्या गावावर वाद नाही तेथे एकच सरकार एकाच भाषेत येते! नागरिकाची भाषा ओळखण्यासाठी आधी सीमावाद निर्माण व्हावा लागतो काय?

काही जण म्हणतील, तेलुगूला स्थान दिले तर मुले मराठीत मागे पडतील आणि नोकरीस मुकतील. ही शंका रास्त आहे आणि तिचे उत्तर शाळेतच आहे. मुलाला पहिली दोन-तीन वर्षे घरच्या भाषेतून अक्षरओळख आणि अंकओळख द्यावी, सोबत मराठी बोलती ठेवावी आणि पुढे मराठीचा पाया भक्कम करावा. स्वतःच्या भाषेत वाचायला शिकलेले मूल दुसरी भाषा अधिक लवकर शिकते. जे पहिल्याच दिवशी मुके होते, ते पुष्कळदा कोणतीच भाषा नीट शिकत नाही. दुसरे काही जण म्हणतील, याने फुटीरपणा वाढेल. सिरोंचाने सव्वाशे-दीडशे वर्षांत इतकी राज्ये निमूटपणे स्वीकारली. त्याच्या निष्ठेविषयी शंका घेणे हे अन्यायकारक आहे.

करावयाचे आहे ते फार खर्चाचे नाही. सिरोंचा तालुक्याचे, आणि अहेरीच्या ज्या गावांत गरज असेल त्या गावांचे, शाळानिहाय भाषिक सर्वेक्षण करावे. चाळीस व दहाचा जुना नियम लावून दोन्ही भाषा जाणणारे शिक्षक नेमावेत. असे तरुण त्याच तालुक्यात सापडतील. नगरपंचायतीच्या सूचना, भूसंपादनाच्या नोटिसा, दवाखान्यातील फलक आणि पुराचे इशारे मराठीबरोबर तेलुगूतही निघावेत. माडिया व गोंडी यांच्यासाठी हेच तत्त्व लावावे आणि मुलचेरा-चामोर्शीतील बंगाली वस्त्यांनाही त्यातून वगळू नये.

एखादी भाषा थोर आहे हे तिच्या सरकारी शिक्क्यावरून ठरत नाही. आपल्या सावलीत दुसरी भाषा जगू देण्याइतकी ती ऐसपैस आहे काय, यावरून ठरते. मराठीला २०२४ मध्ये अभिजात दर्जा मिळाला, तेलुगूला तो २००८ पासूनच आहे. दोन अभिजात भाषांची भेट ज्या संगमावर होते, तेथे सरकारने आपल्या नागरिकांपुढे दुभाषी बनून उभे राहावे, यात मराठीचा कमीपणा नाही. बेळगावच्या मराठी माणसाला उद्या न्याय मिळावा असे वाटत असेल, तर आज त्याची सुरुवात सिरोंचापासून करण्यास महाराष्ट्राला कोणी अडविलेले नाही.