नसबंदीचा भार एकट्या स्त्रीवर
स्त्री-नसबंदीत दोन्ही गर्भनलिका बांधून कापतात किंवा त्यांवर रिंग बसवतात. त्यामुळे बीज आणि शुक्राणू यांची भेट होत नाही. पाळी मात्र नेहमीप्रमाणे येत राहते. ही शस्त्रक्रिया बाळंतपणानंतर सात दिवसांत पोटाला लहान छेद देऊन, किंवा पुढे दुर्बिणीतून करता येते. ती क्वचित, साधारण दोनशेत एकदा, अयशस्वी ठरते. नवऱ्याची संमती कायद्याने आवश्यक नाही.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (2019-21) महाराष्ट्रात सुमारे 49 टक्के विवाहित स्त्रियांनी हा मार्ग स्वीकारला. पुरुष-नसबंदी अर्ध्या टक्क्याहूनही कमी. पुरुषाची शस्त्रक्रिया अधिक सोपी आणि सुरक्षित असूनही ही स्थिती आहे. 2014 मध्ये बिलासपूरच्या स्त्री-नसबंदी शिबिरानंतर तेरा स्त्रियांचा बळी गेला. 2016 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशी शिबिरे तीन वर्षांत बंद करण्यास सांगितले.

अर्धापूरच्या केळीपट्ट्यात शेतमजूर स्त्रीला शस्त्रक्रियेनंतर आठवडाभर ओझे उचलणे वर्ज्य असते. त्या दिवसांची मजुरी बुडते. म्हणून तांबी, गोळ्या, अंतरा इंजेक्शन आणि पुरुष-नसबंदी यांची माहिती पती-पत्नी दोघांनाही आधी मिळाली पाहिजे. निर्णय तिचा असावा, जबाबदारी दोघांची.