घोड्याला रकाना आहे, बिटकॉइनला नाही

जानेवारी महिना आला की सरकारी नोकरीतल्या माणसाला एका कामाची हमखास आठवण होते. स्थावर मालमत्तेचे वार्षिक विवरण 31 तारखेच्या आत सादर करायचे असते. माझी सगळी नोकरी महाराष्ट्राबाहेर, हिंदी मुलखात झाली. गावाकडच्या वडिलोपार्जित जमिनीतला माझा काही गुंठ्यांचा हिस्सा मी दर वर्षी त्या विवरणात न चुकता लिहीत आलो. एकदा तर गुंठा म्हणजे नेमके किती, हे तिथल्या कारकुनाला समजावण्यात माझा अर्धा तास गेला होता. पण ती जमीन कागदावर होती, सातबाऱ्यावर होती, आणि कोणालाही तलाठ्याकडे जाऊन पडताळता येत होती. आजचा प्रश्न आहे तो सातबारा नसलेल्या मालमत्तेचा.

2018 सालची गोष्ट. एका खात्यात मी दक्षतेचे काम पाहत होतो. एका तरुण अधिकाऱ्याचे पत्र आले. त्याने आदल्या वर्षी पगारातल्या बचतीतून थोडे बिटकॉइन घेतले होते. घेताना रक्कम किरकोळ होती, आता तिची किंमत बरीच वाढली होती. ‘हे मी कोणत्या नमुन्यात, कोणत्या रकान्यात आणि कोणत्या किमतीला कळवावे?’ एवढेच त्याने विचारले होते. पत्र आस्थापना शाखेकडे गेले, तिथून वित्त शाखेकडे, तिथून विधी शाखेकडे, आणि फिरून माझ्याकडे आले. त्याच वर्षी एप्रिलमध्ये रिझर्व्ह बँकेने अशा व्यवहारांना सेवा देऊ नये असे बँकांना बजावले होते, त्यामुळे नस्तीवर स्पष्ट काही लिहायला कोणीच तयार नव्हते. शेवटी मी शेरा मारला, त्याचा मराठी तर्जुमा असा होईल : ‘सदर बाबतीत वर्तणूक नियमांत विशिष्ट तरतूद दिसून येत नाही. सबब कार्यवाहीची आवश्यकता नाही.’ नस्ती बंद झाली.

तीन वर्षांनी त्या अधिकाऱ्याविरुद्ध निनावी तक्रार आली की याने मालमत्ता दडवली आहे. चौकशी लागली. जुनी नस्ती काही केल्या सापडेना. त्याची प्रतिनियुक्ती दक्षता विभागाच्या ना-हरकतीअभावी हुकली. आवक शिक्का मारलेली पत्राची प्रत त्याने जपून ठेवली होती, म्हणून तो सुटला. माझा शेरा नियमाला धरून होता, पण तो बरोबर नव्हता. ज्याने विचारले त्याला आपण उत्तर दिले नाही, आणि ज्यांनी विचारले नाही त्यांना कोणी काही विचारलेच नाही. ही बोच मला अजून आहे.

नियम काय सांगतो ते पाहू. केंद्रीय नागरी सेवा (वर्तणूक) नियम 1964 सालचे आहेत. त्यांतील नियम 18 प्रमाणे दोन महिन्यांच्या मूळ वेतनापेक्षा अधिक किमतीच्या जंगम मालमत्तेचा व्यवहार एका महिन्यात कळवावा लागतो. जंगम मालमत्तेत काय काय येते याचे स्पष्टीकरण तिथेच आहे : दागिने, विमा, शेअर, कर्जे, मोटारी, मोटारसायकली, घोडे, रेफ्रिजरेटर, रेडिओ, रेडिओग्राम, दूरचित्रवाणी संच. घोडा आहे, रेडिओग्राम आहे, कूटचलन नाही. ही यादी समावेशक आहे, म्हणून क्रिप्टोही तिच्यात येतेच, असे विधिज्ञ म्हणतील. मलाही ते मान्य आहे. पण जिथे चूक झाली तर शिस्तभंगाची कारवाई होते, तिथे ‘येतेच’ असे गृहीत धरायला लावणे न्याय्य नाही. शिवाय नियम 16 सट्टेबाजीला मनाई करतो आणि वारंवार खरेदी-विक्री म्हणजे सट्टा, असे मानतो. त्यामुळे प्रामाणिक अधिकाऱ्याला भीती अशी, की कळवावे तर सट्ट्याची कबुली, न कळवावे तर दडवल्याचा आरोप.

आणि आता हा विषय नवा राहिलेला नाही. मार्च 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रिझर्व्ह बँकेचे ते परिपत्रक रद्द केले. मार्च 2021 मध्ये कंपनी कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीत बदल होऊन कंपन्यांना आपल्या ताळेबंदात क्रिप्टोचा तपशील देणे बंधनकारक झाले. 2022 च्या वित्त कायद्याने ‘आभासी डिजिटल मालमत्ता’ अशी व्याख्या केली, तिच्या नफ्यावर 30 टक्के कर लावला आणि हस्तांतरणावर एक टक्का उद्गम करकपात सुरू केली. पुढे आयकर विवरणात तिच्यासाठी वेगळे परिशिष्ट आले. मार्च 2023 मध्ये असे व्यवहार करणाऱ्या संस्था मनी लाँडरिंग प्रतिबंधक कायद्याच्या कक्षेत आल्या. म्हणजे कंपनीला सांगावे लागते, करदात्याला सांगावे लागते. मग लोकसेवकाने आपल्याच खात्याला ते स्पष्ट शब्दांत का सांगू नये?

हा प्रश्न केवळ नीतिनियमांच्या पुस्तकातला नाही. पूर्वी लाच घेणाऱ्याला नोटा लपवाव्या लागत, सोने पुरावे लागे, बेनामी जमिनीसाठी मेहुण्याची सही लागे. प्रत्येक ठिकाणी साक्षीदार तयार होत असे. कूटचलनाची मालकी मात्र एका खासगी किल्लीवर असते, आणि ती किल्ली बारा किंवा चोवीस शब्दांत पाठ करता येते. छापा घालणारा घरात शोधणार काय? पुण्यातल्या 2018 च्या बिटकॉइन फसवणूक प्रकरणात पोलिसांना तपासात मदत करणाऱ्या तज्ज्ञांनाच 2022 मध्ये अटक झाली, आणि त्यांतला एक माजी आयपीएस अधिकारी होता. तपासादरम्यान आरोपींचे चलन परस्पर वळवल्याचा त्यांच्यावर आरोप आहे. आरोप म्हणजे दोषसिद्धी नव्हे. पण जप्त मुद्देमाल हाताळणाऱ्यांची स्वतःची पाकिटे कोणती, हे आधीच नोंदलेले असते, तर संशयाला आणि खुलाशालाही आधार मिळाला असता.

इतर देशांनी काय केले? अमेरिकेत 2018 साली शासकीय नीतिमत्ता कार्यालयाने सांगितले की गुंतवणूक म्हणून बाळगलेले, 1000 डॉलरपेक्षा अधिक किमतीचे आभासी चलन विवरणात दाखवावे. 2022 मध्ये पुढचे पाऊल पडले : ज्याच्याकडे असे चलन आहे त्याने त्याच्या किमतीवर परिणाम करणाऱ्या धोरणाच्या कामात भाग घेऊ नये. दक्षिण कोरियात एका खासदाराच्या व्यवहारांवरून गदारोळ झाला आणि मे 2023 मध्ये कायदा बदलला. रक्कम कितीही लहान असो, ती जाहीर करणे आवश्यक ठरले.

युक्रेनचा अनुभव मात्र सावध करणारा आहे. 2021 मध्ये तिथल्या अधिकाऱ्यांच्या विवरणांत एकूण सुमारे 46 हजार बिटकॉइन आढळले. इतकी श्रीमंती खरी की कागदी, असा प्रश्न पडला. कारण नसलेले बिटकॉइन आज ‘आहेत’ असे लिहून ठेवले, की उद्याच्या लाचेला कालची तारीख मिळते. आपल्याकडे शेतीचे उत्पन्न आणि सासऱ्यांची भेट ज्या कामी येते, तेच काम हे करू शकते. म्हणून नुसता रकाना वाढवणे पुरेसे नाही. त्यातली नोंद तपासता आली पाहिजे.

आणि गंमत म्हणजे ती तपासता येते. बिटकॉइनची खातेवही उघडी असते. पाकिटाचा पत्ता ठाऊक असेल तर शिल्लक आणि देवघेव कोणालाही पाहता येते, आणि तो पत्ता आपलाच आहे हे किल्ली उघड न करता स्वाक्षरीने सिद्ध करता येते. बँकेच्या पासबुकापेक्षाही हे सोपे आहे. माझ्या मते पुढील गोष्टी कराव्यात :

1) वर्तणूक नियमांच्या स्पष्टीकरणात ‘आभासी डिजिटल मालमत्ता’ हे शब्द घालावेत. राज्यांनीही, महाराष्ट्राच्या 1979 च्या नियमांसह, तसेच करावे.
2) वर्षअखेरीची शिल्लक स्वतःच्या, जोडीदाराच्या व अवलंबितांच्या नावे, संख्या आणि खरेदी किंमत यांसह कळवावी. बाजारभाव रोज बदलतो, संख्या बदलत नाही.
3) पाकिटाचे पत्ते सिद्धतेसह मोहोरबंद स्वरूपात दक्षता विभागाकडे असावेत, जनतेसाठी केवळ प्रकार आणि ढोबळ रक्कम खुली असावी. पत्ता जाहीर झाला तर खंडणीखोरांना आमंत्रण मिळेल.
4) कर, तपास आणि धोरण या कामांवरील अधिकाऱ्यांनी अशी मालमत्ता ठेवू नये, किंवा ते काम सोडावे.
5) पहिल्या वर्षी जो स्वतःहून सांगेल त्याच्यावर केवळ विलंबासाठी कारवाई होऊ नये.

‘अप्रामाणिक माणूस सांगणारच नाही,’ असा आक्षेप येईल. खरे आहे. जमिनीबद्दलही तो सांगत नाही. पण जिथे विचारलेच नव्हते तिथे मौन हा अपराध ठरत नाही, विचारल्यावर ठरतो. खासगीपणाचा आक्षेप अधिक वजनदार आहे, म्हणूनच मोहोरबंद भाग सुचवला.

आपल्या देशात विवरणांचा इतिहास उत्साहवर्धक नाही, हेही मान्य केले पाहिजे. लोकपाल कायद्याने 2013 मध्ये लोकसेवकांची मालमत्ता जाहीर करण्याचे कलम 44 आणले. मुदती पुढे ढकलल्या गेल्या, 2016 मध्ये कलमच बदलले, आणि त्या वर्षी डिसेंबरात तूर्त विवरणाची आवश्यकता नाही असे कळवले गेले. दुसरीकडे मे 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांच्या मालमत्तेचा तपशील संकेतस्थळावर आला. इच्छा असली की मार्ग निघतो.

त्या तरुण अधिकाऱ्याशी नंतर एकदा भेट झाली. राग नव्हता. तो म्हणाला, ‘सर, आता मी काही विचारत नाही.’ प्रशासनाचे खरे नुकसान या एका वाक्यात आहे. रकाना भरून घेणे सोपे आहे; विचारण्याची सवय एकदा मोडली, की ती परत आणणे फार कठीण.