निर्वाताची कैफियत

भाऊबीज उरकून पाहुणे आपापल्या गावी मार्गस्थ झाले, आणि चार दिवस ओसरीपासून देवघरापर्यंत विराजमान असलेली रांगोळी आता काढावी, असा विचार आमच्या सौभाग्यवतींनी मांडताच, केरसुणीने ती पूड घरभर उडवण्यापेक्षा माळ्यावरचा व्हॅक्यूम क्लीनर खाली घ्यावा, अशी उपसूचना मी, केवळ नव्या युगाचा अभिमानी म्हणून, मांडली व ती मंजूरही झाली. ओसरी आणि माजघर त्या यंत्राने लखलखीत केले. देवघरापाशी मात्र त्याचा आवाज एकाएकी टिपेला पोहोचला, सतरंजीवरचा कागदाचा कपटा जागचा हलेना, आणि पाचेक मिनिटांत ते ठार मुके झाले.

दुरुस्ती करणाऱ्या गृहस्थांनी दूरध्वनीवरूनच निकाल दिला, ‘आर्मेचर जळलं असणार, साहेब. नवीन मोटार टाका.’ परंतु महसूल खात्यात तीस वर्षे काढल्यामुळे स्थळपाहणीवाचून झालेला निकाल मला पचत नाही. सबब प्लग काढून यंत्र ओसरीत मांडले आणि चौकशीस आरंभ केला.

या यंत्राविषयीचा पहिला गैरसमज त्याच्या नावातच आहे. निर्वात म्हणावे असे त्यात काही नसते. मोटार मिनिटाला वीस-तीस हजार फेऱ्यांच्या वेगाने पंखा फिरवते, त्यायोगे आतील हवेचा दाब बाहेरच्याहून फार तर पाचव्या हिश्शाने उणा होतो, आणि ती उणीव भरून काढण्यासाठी बाहेरचे वातावरण नळीच्या मुखातून आत घुसताना वाटेतली धूळ बरोबर नेते. म्हणजे यंत्र ओढत नाही, वातावरण ढकलते. आणि त्याची वाट कोठे अडली किंवा भलतीकडेच फुटली, तर मोटार कितीही धडधाकट असो, केर जागीच राहतो.

ह्यूबर्ट सेसिल बूथ या इंग्रज अभियंत्याने १९०१ च्या सुमारास, धूळ फुंकून उडवणारे एक यंत्र पाहून आल्यावर, उपाहारगृहातील खुर्चीच्या गादीवर रुमाल अंथरून त्यातून तोंडाने हवा ओढली, तेव्हा रुमालाच्या खालच्या अंगाला धुळीचा काळा डाग उमटला. पुढे घोड्यांनी ओढलेल्या गाड्यावरचे त्याचे अवजड यंत्र रस्त्यावर उभे राही आणि खिडक्यांतून लांबच लांब नळ्या घरात सोडल्या जात. सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकाआधी, १९०२ साली, वेस्टमिन्स्टर ॲबीतले गालिचे त्यानेच स्वच्छ केले. आमच्या यंत्रातली पिशवी आणि फिल्टर हे त्या रुमालाचेच वंशज. हवेला जाऊ द्यायचे आणि धुळीला अडवायचे, हा दुहेरी हुकूम त्यांच्या छिद्रांना असतो, आणि शिरगोळ्याच्या पुडीने, म्हणजे रांगोळीने, नेमकी तीच छिद्रे लिंपून टाकली होती. पिशवी अर्धीही भरलेली नव्हती. पण घरचा मऊ, कापसासारखा केर जसा सैल बसतो तशी ही दगडाची पूड बसत नाही.

आवाज चढला म्हणजे मोटार अधिक कष्ट करते, असे कोणालाही वाटेल. वस्तुस्थिती उलट आहे. हवाच येईनाशी झाली की पंख्याला ढकलण्यासारखे काही उरत नाही, त्याचा भार हलका होतो आणि रिकामटेकड्या माणसाप्रमाणे तो उगाच अधिक गरगरतो. मात्र मोटारीला थंड राखणारी हवाही तीच. ती थांबताच मोटार तापते आणि तिच्यालगतचा तापरक्षक खटका वीज तोडतो. तासाभराने यंत्र निमूटपणे चालू झाले, तेव्हा आर्मेचरवरची फिर्याद मी काढून टाकली. वायर हलवताच यंत्र बंद-चालू होते तर वायरवर संशय घेतला असता. कार्बन झिजून ते अडखळत चालते तर गोष्ट निराळी.

पिशवी झटकली, पुस्तिकेत मुभा होती म्हणून फिल्टर पाण्याने धुतला व दोरीवर टाकला. तो हाडापर्यंत सुकायला पुरता एक दिवस लागतो, आणि ओलाच बसवला तर मोटारीचे खरेच मर्तिक. जुना जादा फिल्टर लावून पाहिले, तो नळी काढल्यावर यंत्राच्या मुखाशी तळवा घट्ट धरला जाई, नळी जोडताच टोकाला फुंकरही जाणवेना. नातवाची गोटी नळीत सोडली. ती खडखडत गेली आणि मुठीजवळच्या वाकणात गडप झाली. मग नळीचे टोक यंत्राच्या फुंकणाऱ्या तोंडाला लावले, क्षणभर घरघर झाली आणि आडवा अडकलेला खराट्याचा वीतभर हीर, त्याला गुंडाळलेले केस, आकाशकंदिलाची एक झिरमिळी आणि पाठोपाठ गोटी, असा सर्व मुद्देमाल बाहेर पडला. तेवढ्यात जादा फिल्टरही, जीर्णच तो, मधोमध उसवला, आणि यंत्र पुन्हा बंद करावे लागले.

गोटी कपाटाखाली गेली होती व नातवाने तगादा लावला होता. धुतलेला फिल्टर दोरीवर ठिबकत होता. सौभाग्यवतींनी एक अक्षर न बोलता अंगणातला खराटा माझ्या हाती दिला. मी मोजले नाहीत, पण त्यात एक हीर उणा असावा.