१०८ घागरी आणि दाभोळची खाडी

२० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. त्यानंतर तिथल्या सनातन्यांनी काय केले, हे आपल्यापैकी प्रत्येकाला पाठ आहे. १०८ घागरी पाण्यात शेण, गोमूत्र, दूध आणि दही कालवले, मंत्र म्हटले, ते सगळे तळ्यात ओतले आणि तळे शुद्ध झाले असे जाहीर केले. रसायनशास्त्राच्या भाषेत बोलायचे तर चवदार तळ्याचे त्या वेळचे प्रदूषण या शुद्धीकरणानेच झाले.

आता महाडहून महामार्गाने दक्षिणेला निघा. कशेडी घाट ओलांडला की रत्नागिरी जिल्हा लागतो. खेड मागे टाकले की लोटे-परशुराम. इथे रासायनिक कारखान्यांची वसाहत आहे आणि तिचे सांडपाणी करंबवण्याला खाडीत सोडले जाते. वाशिष्ठी आणि जगबुडी या दोन्ही नद्या ज्या दाभोळच्या खाडीला मिळतात, तिच्या काठचे भोई, खारवी, कोळी आणि मुसलमान मच्छीमार कित्येक वर्षे मेलेले मासे दाखवून ओरडत आहेत. पाण्याला खराखुरा विटाळ झाला, तेव्हा घागर घेऊन एकही शुद्धीकरणवाला आला नाही.

आमच्या चळवळीतले काही मित्र म्हणतात, हा पर्यावरणवाल्यांचा विषय आहे, आपला नाही. आम्हाला हे मान्य नाही. पाणी कुणामुळे घाण होते, ते स्वच्छ झाल्याचे कोण ठरवतो आणि स्वच्छ करायला खाली कोण उतरतो, हे तिन्ही प्रश्न आपल्याइतके जुने दुसऱ्या कुणाचे असतील?

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. कारखाने बंद पाडून पोरांनी पुन्हा मुंबईची गाडी धरायची का? नाही. २५ ऑक्टोबर १९४३ रोजी मजूरमंत्री म्हणून वीजविकासावर बोलताना बाबासाहेबांनी स्वस्त आणि मुबलक वीज मागितली ती औद्योगिकीकरणासाठी, आणि औद्योगिकीकरण मागितले ते लोकांना दारिद्र्याच्या चक्रातून बाहेर काढण्यासाठी. आम्ही त्याच बाजूचे आहोत. म्हणूनच म्हणतो की कारखाना चालावा आणि त्याने घाण केलेली माती व पाणी त्यानेच त्याच विजेने आणि विज्ञानाने साफ करावे.

ही नुसती घोषणा नाही, तसे शास्त्र आहे. दूषित ओल्या मातीत दोन बाजूंना विद्युतअग्रे रोवायची आणि कमी दाबाचा एकदिश प्रवाह सोडायचा. शिसे, कॅडमियम, तांबे, जस्त यांचे धनभारित कण ऋण टोकाकडे सरकू लागतात. क्रोमियमचे विषारी रूप ऋणभारित असते, ते उलट दिशेला जाते. मातीतले पाणीही प्रवाहाबरोबर हळूहळू ओढले जाते. त्यामुळे ज्या चिकट मातीतून साधे पाणी पाझरत नाही, जिथे धुऊन काही निघत नाही, तिथेही ही पद्धत चालते. अडचणीही आहेत. ऋण टोकाजवळ माती अल्कधर्मी होते, धातू तिथेच साका धरून अडकतात, मग आम्ल घालून ते सोडवावे लागतात. काम महिनोन्‌महिने चालते. कोकणातल्या जांभ्या मातीत लोहाचे ऑक्साइड भरपूर असतात आणि धातू त्यांना घट्ट चिकटतात. म्हणजे परदेशातला आराखडा उचलून इथे लावता येणार नाही. इथल्या मातीवर प्रयोग करावे लागतील. सांडपाण्यासाठी याच घराण्यातली सोपी पद्धत आहे. लोखंडाच्या किंवा ॲल्युमिनियमच्या पट्ट्यांतून प्रवाह सोडला की बारीक घाण गोळा होऊन गाळासारखी खाली बसते.

दुसरा मार्ग जिवाणूंचा. तेल, फिनॉल यांसारखी कितीतरी सेंद्रिय रसायने काही जिवाणू अक्षरशः खातात. १९८९ मध्ये अलास्कात एक्झॉन वाल्डेझ जहाजाचे तेल सांडले, तेव्हा किनाऱ्यावर खत टाकून तिथल्याच जिवाणूंची भूक वाढवण्यात आली होती. पण जिवाणू धातू खाऊन संपवू शकत नाहीत, फार तर त्याचे रूप बदलतात. क्रोमियमचे अति विषारी रूप कमी विषारी करतात, एवढेच. वाळ्यासारखी वनस्पती मुळांत धातू साठवते, पण मग ती वनस्पतीच विषारी कचरा होते. वीज आणि जिवाणू एकत्र वापरण्याचेही प्रयोग झाले आहेत. वीज रसायनाला आणि खाद्याला हलवते, जिवाणू पचवतात.

इथे सावध राहायला हवे. ‘जैविक’ हा शब्द ऐकला की आपल्या देशात कुणीतरी गोमूत्राची बाटली काढतो. नदीत पंचगव्य सोडा, मंतरलेले द्रावण टाका, नदी शुद्ध. १०८ घागरींचा धंदा नव्या लेबलने परत येतो. आमची कसोटी साधी आहे. आधी किती शिसे होते, नंतर किती उरले, आकडा दाखवा. नमुना गावकऱ्यांसमोर घ्या, अर्धा गावाकडे ठेवा, दुसऱ्या प्रयोगशाळेत तपासू द्या.

आणि तो गाळ? वीज धातू ओढून एका जागी आणते, पट्ट्यांनी बसवलेला चोथा टाकीच्या तळाशी साचतो. तो उपसायला कोण उतरणार? कंत्राटदार कुठल्या वाडीत माणसे शोधायला जातो, हे आम्ही सांगायला नको. गटार आणि टाकीत उतरून मेलेल्यांच्या कुटुंबाला ३० लाख रुपये द्या, असे सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२३ मध्ये सांगितले. माणूस मेल्यावरची ही रक्कम आहे. यंत्राने उपसा ही अट कंत्राटाच्या पहिल्या पानावर हवी.

खर्च कुणाचा, याचे उत्तर कायद्याने दिलेले आहे. राजस्थानात उदयपूरजवळच्या बिछडी गावात एच-ॲसिड बनवणाऱ्या कारखान्यांच्या गाळाने जमीन आणि विहिरी नासल्या. घाण करणाऱ्यानेच साफसफाईचा पूर्ण खर्च द्यावा, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये दिला. रक्कम सुमारे ३७ कोटी ३८ लाख रुपये ठरली. पुढे अर्जांवर अर्ज करून मालकांनी वर्षे काढली, आणि २०११ मध्ये न्यायालयाला चक्रवाढ व्याजासह भरा असे बजावावे लागले. निकाल हातात असूनही गावाने पंधरा वर्षे थांबायचे, ही आपल्या न्यायाची चाल. चवदार तळ्याचा निकाल तरी कुठे लवकर लागला? मुंबई उच्च न्यायालयाने तो दिला १९३७ मध्ये, दहा वर्षांनी.

त्याच १९३७ च्या सप्टेंबरात बाबासाहेबांनी खोती नष्ट करण्याचे विधेयक मुंबई विधिमंडळात मांडले. खोती मुख्यतः याच पट्ट्यातली, रत्नागिरी आणि कुलाब्याची. त्याची आठवण इथे मुद्दाम काढतो. जमीन खराब झाली की भरपाई सातबारावर ज्याचे नाव त्याला. खाडीचा सातबारा मच्छीमाराच्या नावावर नसतो. बौद्धवाडीतली बाई पावसाळ्यात दुसऱ्याच्या शेतात लावणी करते आणि एरवी खाडीत कालवे काढते. तिचे नाव कुठल्याच उताऱ्यावर नाही. साफसफाई पूर्ण झाली, जमिनीचा भाव वाढला आणि फायदा जुन्या खोताच्या नातवाला झाला, तर त्या विज्ञानाचे आम्ही काय करायचे? म्हणून पाण्यावर जगणाऱ्यांची यादी आधी करा, उतारा असो वा नसो. ही मागणी भोई, खारवी, कोळी आणि मुसलमान बांधवांच्या सोबत उभे राहूनच करायची आहे. एकट्या बौद्धवाडीने खाडी वाचणार नाही.

जुलै २०२५ मध्ये केंद्र सरकारने दूषित जागांच्या व्यवस्थापनाचे नियम काढले. संशयित दूषित जागा स्थानिक संस्थेने किंवा जिल्हा प्रशासनाने हुडकायची, स्वतःहून किंवा लोकांच्या तक्रारीवरून, आणि राज्य मंडळाला कळवायची. त्यातला ‘लोकांच्या तक्रारीवरून’ एवढा भाग आपल्या कामाचा आहे. पुढच्या ग्रामसभेत विषयपत्रिकेवर हा विषय लेखी टाका. ओढा, विहीर आणि खाडीकाठ कुठला, पाण्याचा रंग कधी बदलला, मासे कधी मेले, तारीखवार लिहा, फोटो जोडा. विज्ञान शाखेतली आपली पोरे आम्लता आणि विरघळलेले क्षार मोजणारी छोटी यंत्रे सहज वापरू शकतात. दर पौर्णिमेला विहारात जमतोच, त्याच दिवशी त्याच ठिकाणचे पाणी मोजून वहीत लिहायचे. तक्रारीची एक प्रत जिल्हाधिकाऱ्यांकडे, एक प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे, आणि पोच घेतल्याशिवाय कचेरीतून उठायचे नाही.