रोमहीन नायक आणि केसांची वाटणी

अद्भुतिकेच्या वळणाच्या व्हिडिओ गेममधील नायकाच्या छातीवर, दंडावर, पोटावर बहुधा केस नसतात. आणि ज्या अर्थी ते नसतात त्या अर्थी तेथील पुरुषत्व सैल, तरल, लिंगभेदाच्या पलीकडे जाऊ पाहणारे झाले आहे, असे एक प्रतिपादन सांस्कृतिक अभ्यासाच्या चर्चासत्रांमधून हल्ली कानी पडते. प्रतिपादन आकर्षक आहे. त्याला परिभाषेचे पाठबळ आहे, त्यात पुरोगामित्वाचे समाधान आहे, आणि मुख्य म्हणजे ते करण्यासाठी नायकाखेरीज दुसऱ्या कोणाकडे पाहावे लागत नाही. त्याचा दोषही नेमका हाच. एकटे चिन्ह काही सांगत नाही, ते दुसऱ्या चिन्हापासूनच्या भेदातून बोलते, हा सोस्यूरचा धडा आपण पदव्युत्तर वर्गात गिरवतो आणि चित्र समोर आले की विसरतो. नायकाच्या अंगावरचे केस गेले कोठे, हे विचारल्याशिवाय त्याच्या नितळपणाचा अर्थ लागणे शक्य नाही. माझे म्हणणे असे की ते नाहीसे झालेले नाहीत. त्यांची वाटणी झालेली आहे.

विषय क्षुल्लक आहे असे ज्यांना वाटते त्यांच्यासाठी फार शब्द खर्च करण्याचे कारण नाही. रोलाँ बार्थने 'मिथॉलॉजीज'मध्ये (१९५७) 'ज्यूलियस सीझर' (१९५३) या चित्रपटातील पात्रांच्या कपाळावर उतरलेल्या बटांवर लिहिले. ती बट 'रोमनपणा' कसा जाहीर करते आणि चिन्ह असूनही निसर्ग असल्याचा आव कसा आणते, हे त्याने दाखवले. तो निबंध आपल्या अभ्यासक्रमांत मानाने वावरतो. कपाळावरचा केस जर समीक्षेचा विषय होऊ शकतो, तर छातीवरच्या केसाने काय पाप केले?

तंत्रज्ञांचा आक्षेप अधिक गंभीरपणे घ्यावा लागेल. केस घडवणे संगणकाला जड जाते, म्हणून ते टाळले जातात, असे सांगितले जाते. हे अर्धसत्य आहे. वाऱ्यावर उडणारे, पाण्याने जड होणारे केस घडवणे कठीण खरेच. बटांच्या हालचालीचे गणित क्षणोक्षणी नव्याने मांडावे लागते. पण ही अडचण सोडवण्याचे श्रम कोणासाठी झाले, ते पाहावे. एएमडी कंपनीचे 'ट्रेसएफएक्स' हे तंत्र २०१३ मध्ये 'टूम रेडर'मध्ये आले, ते लारा क्रॉफ्टच्या केशसंभारासाठी. एनव्हिडियाचे 'हेअरवर्क्स' २०१५ च्या 'द विचर ३'मध्ये वापरले गेले, ते नायक गेराल्टच्या केसांसाठी आणि रानातल्या श्वापदांच्या अंगावरील लवेसाठी. स्त्रीचे मस्तक, नायकाचे मस्तक, जनावराची पाठ: तंत्राने येथवर मजल मारली. शिवाय छातीवरच्या आखूड केसांना एवढे तंत्र लागतही नाही. पात्राची कातडी म्हणजे त्रिमितीय साच्यावर ताणून बसवलेले सपाट चित्र; त्यात व्रण, गोंदण, सुरकुत्या रंगवतात तसे केसही रंगवता येतात. 'स्कायरिम' (२०११) या खेळासाठी हौशी खेळाडूंनी पुरुषदेहाच्या अशा केसाळ कातड्या घरी बसून रंगवल्या आणि एकमेकांत वाटल्या. संहितेत जे नव्हते ते वाचकाने लिहून घेतले. तेव्हा प्रश्न जमण्या न जमण्याचा नसून निवडीचा आहे.

व्रण चालतो, गोंदण चालते, केस चालत नाही, असे का असावे? 'गॉड ऑफ वॉर' या २००५ मध्ये सुरू झालेल्या मालिकेतील क्रेटोसचा देह पाहावा. त्याची कातडी पांढुरकी आहे, कारण त्याच्याच हातून मेलेल्या बायको-मुलीची राख तिला कायमची चिकटलेली आहे. अंगावर तांबडे गोंदण आहे. ते हिरावल्या गेलेल्या भावाच्या जन्मखुणेची आठवण. पोटावर व्रण आहे. तो खुद्द बापाने, झ्यूसने, खुपसलेल्या तलवारीचा. या देहावर जे जे आहे ते कथानकाने तेथे आणून ठेवलेले आहे. प्रत्येक खुणेमागे क्रियापद आहे. केसामागे मात्र क्रियापद नसते. तो कोणत्याही घटनेचा परिणाम नव्हे. तो आपणहून उगवतो, वयाने येतो, वंशाने येतो, बापाकडून येतो. ज्या पुरुषत्वाला आपण केवळ कृतीतून सिद्ध झालो असे मिरवायचे आहे, त्याला हा केस अडचणीचा ठरतो, कारण तो उधारीची साक्ष देतो. म्हणून नितळ छातीत पुरुषत्वाची माघार पाहणारे फसतात. ती त्याची सोवळी अवस्था आहे: वंशापासून, वयापासून, जनावरपणापासून धुऊन काढलेली. २०१८ च्या खेळात क्रेटोसला भरघोस दाढी आली, पण ती अत्रेयस या मुलाचा बाप म्हणून आली. केसाला वडीलपणाचे काम मिळाले की तो हनुवटीवर खपतो. छाती तशीच कोरी राहते.

मराठी वाचकाला ही अदलाबदल अगदीच अनोळखी वाटू नये. विष्णूच्या वक्षावरील श्रीवत्स हे मुळात केसांच्या भोवऱ्याचे चिन्ह. परंतु आपल्याकडे ते भृगूने मारलेल्या लाथेची खूण म्हणूनच अधिक रूढ झाले. केसाच्या जागी आघात आला, देहस्वभावाच्या जागी प्रसंग आला, आणि चिन्हाला सांगण्याजोगी कथा मिळाली. त्या पुराणकथेचा आणि कॅलिफोर्नियात घडलेल्या क्रेटोसचा काही संबंध आहे असे मला सुचवायचे नाही. कथेला केसापेक्षा व्रण का सोयीचा वाटतो, एवढेच त्यातून कळते.

आता वाटणीकडे वळू. या खेळांत बरेचदा आरंभीच खेळाडूने आपले पात्र घडवायचे असते: वंश निवडा, बांधा निवडा, डोळे, शिंगे, शेपटी निवडा. ही पात्रनिर्मितीची पाने म्हणजे एक नवे सामुद्रिकशास्त्र आहे. वराहमिहिराच्या 'बृहत्संहिते'त पुरुषलक्षणे सांगताना एका रोमरंध्रात एकच केस असणे हे राजाचे लक्षण मानले आहे, दोन असणे हे पंडिताचे आणि श्रोत्रियाचे, तीन वा अधिक असणे हे निर्धनाचे. केस वाढत जातात तसा माणूस उतरत जातो. ('हे सारे आपल्याकडे आधीच होते' असा जयघोष करू इच्छिणाऱ्या देशीवाद्यांनी हे 'आधीच' कोणत्या जातीचे आहे तेही पाहून घ्यावे.) नव्या सामुद्रिकात रोमरंध्रांऐवजी वंश मोजले जातात. 'फायनल फँटसी १४' या खेळाच्या २०१९ मधील 'शॅडोब्रिंगर्स' या विस्तारात दोन वंश एकदमच दाखल झाले. एक 'व्हिएरा': सशाचे कान, उंच सडपातळ बांधा, नितळ कातडी. दुसरा 'ह्रॉथगार': सिंहासारखे तोंड, अवाढव्य देह, अंगभर लव. व्हिएरा म्हणून केवळ स्त्री निवडता येई, ह्रॉथगार म्हणून केवळ पुरुष. व्हिएरा पुरुष २०२१ मध्ये आला, तोही सडपातळ आणि नितळ. ह्रॉथगार स्त्रीला २०२४ पर्यंत थांबावे लागले. संरचनावाद्याने उदाहरणादाखल रचावी अशी ही जोडी बाजारात तयारच मिळते. 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट'मध्ये २०१० साली आलेला 'वर्गेन' तर एकाच माणसाला दोन देह देतो, एक मानवी आणि एक लांडग्याचा; केस हवे असतील तर माणूसपण बदलून या, अशी ही व्यवस्था.

या वंशशास्त्राचे मूळ पुष्कळदा टॉल्किनपर्यंत नेले जाते, आणि ते काही अंशी रास्तही आहे. पण टॉल्किनची साक्ष दुधारी आहे. त्याच्या ड्वॉर्फ लोकांत पुरुष आणि स्त्रिया दोघांनाही जन्मापासून दाढी असते, असे 'द वॉर ऑफ द ज्यूएल्स'मध्ये (१९९४) प्रसिद्ध झालेल्या लेखनात आहे. 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट'ने २००४ मध्ये ड्वॉर्फ घेतले, पुरुषांच्या दाढ्या घेतल्या, आणि बायकांचे गाल साफ करून टाकले. उलट २०२१ मध्ये 'द नेचर ऑफ मिडल-अर्थ'मध्ये छापल्या गेलेल्या टिपणात अ‍ॅरागॉर्न, बोरोमिर, फारामिर हे दाढीविना असल्याचे म्हटले आहे, कारण त्यांच्या रक्तात एल्फांचा अंश आहे. केस हा येथे रक्ताचा दाखला झाला. उद्योगाने टॉल्किनकडून ही दुसरी रीत आत्मसात केली, आणि पहिलीतला जो भाग स्त्रीपुरुषभेदाची घडी मोडणारा होता तेवढा नेमका गाळला.

येथे प्रतिपक्षाचा शेवटचा आधार पुढे येतो: या खेळांचा मोठा भाग जपानी आहे, जपानी सौंदर्यदृष्टीत कोवळा, रोमहीन तरुण हा स्वतंत्र आदर्श आहे, आणि त्यावर पाश्चात्त्य पुरुषत्वाचे माप लादणे अन्यायाचे आहे. सावधगिरीचा इशारा म्हणून हे मान्य. पण 'जपानी दृष्टी' एकसंध असल्याचे गृहीत धरण्यात निराळा अन्याय आहे. गेंगोरो तागामे यांच्या चित्रकथांतील पुरुष धिप्पाड आणि अंगभर केसांचे असतात. इंग्रजीत 'माय ब्रदर्स हजबंड' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या त्यांच्या कथेने (२०१४–१७) असा पुरुष घरगुती वाचकापर्यंतही नेला. आणि जपानच्या उत्तरेकडील 'एमिशी' लोकांचे नाव प्राचीन काळी 'केसाळ माणसे' अशा अर्थाच्या चित्रलिपीतही लिहिले जाई. सीमेपलीकडचा तो केसाळ, हे समीकरण जपानने कोणाकडून उसने आणलेले नाही.

'द लेजंड ऑफ झेल्डा' हे प्रतिपक्षाचे आवडते उदाहरण. त्याचा नायक लिंक कोवळा, दाढीमिशांवाचून आहे. तो लिंगनिरपेक्ष वाटावा अशी आपली इच्छा होती, असे निर्माते एइजी आओनुमा यांनी २०१६ मध्ये सांगितले होते. 'ब्रेथ ऑफ द वाइल्ड'मध्ये (२०१७) पुरुषांना मज्जाव असलेल्या गेरुडो नगरात तो स्त्रीवेष घेऊन शिरतो, आणि तो वेष त्याला शोभतो. चर्चासत्रे येथे थांबतात; आपण थोडे पुढे जाऊ. तो वेष लिंकला वाळवंटातील बाजारात व्हिलिया नावाच्या व्यक्तीकडून मिळतो, जी स्वतः स्त्रीवेषातला पुरुष आहे. वाऱ्याने तिच्या चेहऱ्यावरचा पडदा क्षणभर उडतो, लिंक दचकतो, आणि खेळाडूने हसावे अशी अपेक्षा असते. नितळ नायकाचा वेषपालट मोहक, व्हिलियाचा हास्यास्पद. आणि गेरुडो कोण? वाळवंटात राहणाऱ्या, सावळ्या वर्णाच्या स्त्रियांची ही जमात. शंभर वर्षांतून एकदा तिच्यात पुरुष जन्मतो. गॅनॉनडॉर्फ हा खलनायक तो पुरुष. 'टिअर्स ऑफ द किंगडम'मध्ये (२०२३) तो मोकळ्या लाल केसांनी आणि दाढीने सजून येतो. १९९८ च्या 'ऑकारिना ऑफ टाइम'मध्ये या जमातीचे चिन्ह चंद्रकोर आणि तारा हे होते, आणि अग्निमंदिरात इस्लामी प्रार्थनेचे सूर वाजत. पुढील आवृत्त्यांतून दोन्ही काढले गेले. चंद्रकोर गेली, पण वाळवंट, वर्ण आणि केस राहिले. लिंकची लिंगनिरपेक्षता ज्या जमिनीवर उभी आहे ती ही आहे: तो हलका आहे, कारण पुरुषपणाचे सगळे ओझे पूर्वेच्या त्या राजाच्या अंगावर टाकलेले आहे.

अपवाद आहेत, आणि ते प्रामाणिकपणे नोंदवले पाहिजेत. 'द विचर ३'मध्ये गेराल्टची दाढी दिवसागणिक वाढते. खेळाडूने काही केले नाही तरी वाढते. देहाला स्वतःचा काळ असतो, हे या माध्यमात इतक्या साधेपणाने क्वचितच मांडले गेले असेल. न्हाव्याकडे जाऊन ती उतरवता येते, हेही उत्तम. 'बॉल्डर्स गेट ३'मध्ये (२०२३) ड्वॉर्फ स्त्रीला दाढी देता येते; टॉल्किनची गाळलेली ओळ उशिरा का होईना परत आली.

सर्वांत बोलका अपवाद मात्र 'ड्रॅगन एज २'मधील (२०११) व्हॅरिक टेथ्रास. हा ड्वॉर्फ असून दाढी ठेवत नाही, आणि सदऱ्याचा गळा नाभीच्या दिशेने उघडा टाकून छातीवरचे केस राजरोस मिरवतो. त्याच्या छातीवरून विनोद होतात आणि तो ते खिलाडूपणे झेलतो. कथनमीमांसकांनी त्याच्याकडे विशेष लक्ष द्यावे, कारण या खेळाचा निवेदक तोच आहे: चौकशीला बसलेला, तिखटमीठ लावून सांगणारा, अविश्वसनीय निवेदकाचा चांगला नमुना. नायकाचा पराक्रम, नायकाचे प्रेमप्रकरण, मित्रांची मने, सारे आपल्याला त्याच्या तोंडून कळते. प्रेम करण्याजोग्या सोबत्यांच्या यादीत मात्र तो स्वतः नाही. खेळाडूंनी मागणी केली. २०१४ च्या 'इन्क्विझिशन'मध्ये तो पुन्हा आला, त्याच उघड्या गळ्याने, आणि याही वेळी त्या यादीत त्याचे नाव नव्हते.